सरांची एक टिक

मंगळवार, परभणी, संध्याकाळ

डोकं अजून ठणकतंय.

ऑफिसातलं नकाशांचं सॉफ्टवेअर आपलं पायथॉन, म्हणजे ज्या भाषेत प्रोग्राम लिहितात ती, सोबत घेऊनच येतं. वेगळी चूल मांडलेलं बिऱ्हाडच ते. माझे छोटे प्रोग्रामही त्याच चुलीवर चालायचे. गेल्या आठवड्यात आमच्या सरांनी शिकायचं म्हणून, व्हिडिओ बघून, त्याच कॉम्प्युटरवर दुसरं पायथॉन टाकलं आणि 'पूर्ण कॉम्प्युटरसाठी' या चौकोनात टिक केली. तेव्हापासून सॉफ्टवेअर आपली चूल सोडून सरांच्या पायथॉनच्या दारात जातंय. तिथं त्याच्या कामाचं काहीच नाही, म्हणून ते उघडतच नाही.

सरांना म्हटलं, त्या टिकमुळं होतंय. म्हणाले, "मॅडम, माझं तर लय मस्त चालायलंय. तुमच्या प्रोग्रामनंच घोळ केला असंल." आणि माझ्यासमोर माझा प्रोग्रामांचा फोल्डर उडवला. एवढ्या वर्षांचं काम. तरी सॉफ्टवेअर उघडलं नाहीच.

सर चहाला गेले तेव्हा त्या टिकनं बदललेलं सेटिंग मी गुपचूप मागं घेतलं. लगेच उघडलं. का केलं मी? पोखर्णी गावाचे नकाशे अडले होते म्हणून, की निस्तरायची सवयच लागली?

सर आले, बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, मॅडमचं काढलं की चालू झालं."

एक टिक. ती कुणाची, हे कुणीच विचारलं नाही.

निघताना म्हणाले, "पोखर्णीचे नकाशे उद्या द्या. तुमचं तर तासाभरात होतंय."

तासाभरात होतं ते त्या उडवलेल्या प्रोग्रामांमुळं. त्या प्रोग्रामांची प्रत माझ्या पेनड्राइव्हमध्ये आहे. मी मान डोलावली.

पेनड्राइव्ह उद्या घरीच राहील.