रॅम तेवढी तू बसव

चिमणे,

मी दुकान उघडायला जातोय. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

टेबलावरचा कॉम्प्युटर ओळखलास का? तू दहावीत असताना आपण गेमसाठी जोडला होता, त्याचाच डबा आहे. आतला माल भंगारवाल्याकडचा आणि बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. पंखा घरघरतो, पण फिरतो. तेव्हा तर पंखाही परवडला नव्हता. मी खेळायचो आणि तू वहीनं त्याला वारा घालायचीस. तुझी आई म्हणायची, "बाप तसा, लेक तशी! दोघंही कामातून गेलीत."

रॅमची पट्टी मुद्दाम बसवली नाही. ते काम नेहमी तुझंच असायचं. टक्क आवाज येईपर्यंत दाब, घाबरू नकोस.

सकाळी जावयांचा फोन आला होता. "ती झोपलीय," एवढंच सांगितलं. तुला वाटेल तेव्हा बोल, नाही वाटलं तर नको बोलूस.

आणि तीन आठवडे झाले, बॅगेतूनच कपडे काढून घालतेस. कपाटातले माझे दोन कप्पे रिकामे केलेत.

बाबा