चार्जिंगला लावलेली डिस्क

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मेहुणीबाई आणि मुलं मजेत असतील. आम्हीही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी पार खचलो आहे. (फोन केला नाही, कारण तुमच्याकडे तो मेहुणीबाई उचलतात आणि इकडे ही भिंतीआडूनही ऐकते.)

तुम्ही दिलेल्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटरमध्ये विंडोजच्या जोडीला ते तुमचं फुकटातलं लिनक्स घालायला बसलो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे विंडोजला जरा सरकवून चांगली ऐसपैस जागा काढली. पण लिनक्स म्हणे, ही जागा वापरता येणार नाही. का, तर डिस्कचे आधीच चार भाग पडलेत आणि तिला पाचवा चालत नाही. जागा डोळ्यांसमोर रिकामी, आणि घेता येत नाही! (चारांतला एक भाग कॉम्प्युटरवाल्या कंपनीने स्वतःसाठी राखलाय. विकून मोकळे झाले, तरी यांचा एक पाय आमच्या घरात.) मागे गेलो, पुढे गेलो, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, हात जोडले, घोडं तिथेच अडलेलं. तेवढ्यात यादीत खाली आणखी एक डिस्क दिसली. मोठी, एकसंध, कसली कटकट नाही. संपूर्ण पुसू का, असं त्याने विचारलं. नक्की ना, असं पुन्हा विचारलं. इतक्या अदबीने आमच्या घरात मला कोणी काही विचारत नाही. मी भारावून हो म्हटलं.

लिनक्स झकास सुरू झालं. हिला हाक मारणार, तोच कॉम्प्युटरमधून टेबलामागे गेलेल्या वायरकडे लक्ष गेलं. ती हिची बाहेरून जोडायची डिस्क होती. दर शनिवारी मीच ती चार्जिंगला लावून ठेवतो, रविवारी ऐन वेळी उतरायला नको म्हणून.

तिच्यावर सासरेबुवांचा आवाज होता. रेडिओ दुरुस्त करता करता ते बोलायचे, ते मेहुणीबाईंनी रेकॉर्ड केलेलं. दर रविवारी इस्त्री करताना ही ते लावते. 'थोरल्या जावयाच्या हाती स्क्रूड्रायव्हर म्हणून देऊ नका,' असं ते त्यात म्हणतात, तिथे ही दर वेळी हसते. साडूभाऊ, ते गेल्यापासून ही मनापासून फक्त तिथेच हसते हो. ते वाक्य मी पुसलं, आणि खरंही करून दाखवलं.

ही विचारते, डिस्क अजून चार्जिंगलाच कशी? मी म्हणतो, व्हायची आहे. काढणार तरी कशी? ती काढली की लिनक्स उठतच नाही. (एवढी वर्षं चार्ज केली ती वाया गेली नाही, इतकंच समाधान.)

मुलांना आशीर्वाद, आणि त्यांना कॉम्प्युटरपासून लांब ठेवा.

तुमचा,
हतबल साडू

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहितोय: त्या रेकॉर्डिंगची मूळ प्रत मेहुणीबाईंकडे असेलच. त्यांना पत्ता लागू न देता ती पेनड्राइव्हवर उतरवून रविवारच्या आत पाठवा. पाया पडतो.

आणखी ता. क. पाठवण्याआधी पेनड्राइव्ह पूर्ण चार्ज करा. वाटेत उतरला, तर सासरेबुवा पुन्हा जायचे.