घाटात मध्येच थांबले त्याबद्दल

बाई, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं तरी झाली असतील, मी नीट मोजलेली नाहीत. आज रविवार आहे. डावा पाय उशीवर ठेवून बसले आहे, टाचेच्या मागे बर्फाची पिशवी आहे, आणि घरातले सगळे बाहेर गेले आहेत. मागच्या रविवारी मी घाटातल्या एका शर्यतीत पळायला गेले होते. एकवीस किलोमीटर, त्यातला निम्मा चढ. माझं वय सत्तेचाळीस, आणि टाचेवरची शीर दोन महिन्यांपासून सुजलेली. तुम्हाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, असं आठवडाभर वाटत होतं. कारण असल्याच बाबतीत मी एकदा तुमच्याशी खोटं बोलले होते.

मी नववीत होते. डिलाईल रोडच्या आपल्या शाळेला धड मैदान नव्हतं, म्हणून तुम्ही आम्हा चार मुलींना दर रविवारी सकाळी बसने चौपाटीला न्यायचात आणि तिथून वाळकेश्वरचा चढ तीन बत्तीपर्यंत पळायला लावायचात. स्वतः मात्र कधी पळाला नाहीत. खाली फुटपाथवर शिट्टी घेऊन उभ्या राहायचात. साडीला चिखल लागेल म्हणून बाई हलत नाहीत, असं आम्ही आपसांत म्हणायचो. त्या ऑगस्टमध्ये समुद्राकडून वारा यायचा आणि पाऊस आडवा तोंडावर बसायचा. माझी नडगी दुखत होती. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग चाळीचा जिना चढतानासुद्धा. शाळाशाळांच्या स्पर्धा तीन आठवड्यांवर आल्या होत्या, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही मला चढ उतरून येताना अडवलंत.

"पाय दुखतोय?"

"नाही बाई. बूट टाईट होतोय."

तुम्ही एका हाताने कठडा धरून वाकलात आणि अंगठ्याने माझी नडगी दाबलीत. मी किंचाळले. बाकीच्या तिघी बघत होत्या. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. "तुझं नाव यादीतून काढते. दुखणं मी समजून घेतलं असतं," एवढंच म्हणालात. परतीच्या बसमध्ये मी तुमच्यापासून सगळ्यांत लांबच्या सीटवर बसले.

मग बुधवारी तुम्ही आमच्या चाळीत आलात. मी गॅलरीतून बघते आहे, तुम्ही एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढता आहात. मी शेजारच्या मावशींच्या खोलीत शिरले आणि आतून कडी घातली. दोन खोल्यांमध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आई म्हणाली, "बसा बाईनू, च्या टाकतंय." तुम्ही बसलात. मग म्हणालात, "राग आलाय ना तिला? येऊ दे. तिच्याएवढी होते तेव्हा माझा गुडघा असाच दुखायचा. मी पळत राहिले. आमच्या सरांना दिसत होतं, पण शाळेला स्पर्धेतली ढाल हवी होती. आता मला जिना चढायला एवढा वेळ लागतो." आई म्हणाली, "मगे ह्या तुमी तिका सांगा." तुम्ही म्हणालात, "तिने विचारलं तर सांगेन."

चहा संपल्यावरही तुम्ही बराच वेळ थांबलात. जाताना माझ्यासाठी एक नवं क्रेप बँडेज ठेवून गेलात. मी ते वापरलं, पण तुम्हाला कधी काही विचारलं नाही. नडगी दिवाळीपर्यंत बरी झाली. पुढच्या वर्षी मी पळाले, तिसरी आले, तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मी दुसरीकडे बघितलं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला नोकरी लागली होती. तुमचं घर चिंचपोकळीला, आमच्याकडून चालत पंधरा मिनिटं. मी आले नाही.

आई या मार्चमध्ये गेली. त्याआधी दोन वर्षं ती अंथरुणालाच खिळून होती. तिचं सगळं करून ऑफिसला जायच्या आधी सकाळचा एक तास मी पळायचे, तेवढाच माझा. ती गेल्यावर त्या तासाचं काय करायचं ते कळेना, म्हणून जास्त पळत सुटले आणि टाच दुखावून घेतली. लोअर परळची फिजिओ म्हणाली, "मॅडम, चढावर सगळा ताण तिथेच येतो. या वर्षी सोडून द्या." मी मान हलवली आणि तरी शर्यतीला गेले.

घाटात धुकं इतकं होतं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती. वारा बाजूने ढकलत होता, रस्त्यावरून गढूळ पाणी वाहत होतं, बोटं गारठून गेली होती. आठव्या किलोमीटरपर्यंत टाच ठणकत होती. अकराव्याला, चढाच्या ऐन मध्यावर, पाण्याच्या टेबलापाशी रेनकोट घातलेली एक बाई उभी होती. माझ्याच वयाची असेल. ती म्हणाली, "ताई, लंगडताय तुम्ही. काय झालं?" मी म्हणाले, "टाच. आता नाही होणार." तिने मला जीपमध्ये बसवलं, अंगावर चादर टाकली. मी तिथेच झोपले, शर्यत संपून जीप खाली येईपर्यंत.

तेव्हापासून घरचे आणि ऑफिसातले कौतुक करताहेत. वेळेवर थांबलीस, शहाणपणा केलास, नाहीतर शीरच तुटली असती. मुलगी म्हणाली, "आई, मला नसतं जमलं हं असं सोडून द्यायला." मी सगळ्यांना हो म्हणते.

तुमच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे आणि हा कागद मी कोणाला दाखवणारही नाही, म्हणून लिहिते. टाच सुजलेली आहे हे खरं, पण अकराव्या किलोमीटरला पाय थंडीने बधिर झाले होते. त्या वेळी काहीच दुखत नव्हतं, बाई. मी दमले होते, मार्चपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. कोणीतरी मला बस म्हणावं एवढंच हवं होतं, आणि ते मला त्या बाईला तसं सांगता आलं नाही.