सुती टॉवेलवर रंग चढत नाही, अप्पा

अप्पा, तुमच्या लेकानं तुमचं नाव राखलं. खाण तशी माती, दुसरं काय! कुणाला न विचारता, कुठं चौकशी न करता दादानं छपाईचं मशीन उचलून घरी आणलं आणि मामाच्या घरच्या लग्नात आपल्या सगळ्यांची तोंडं काळी केली. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी या घरात कुणी शेण खाल्लं की मला पहिला राग तुमचाच येतो. या वेळी तर असा आलाय की तोंडानं बोलून भागेना, म्हणून लिहायला बसलेय.

तुमच्या वेळी हे काम आपल्याकडे नव्हतं, म्हणून आधी सांगते. याला सब्लिमेशन प्रिंटिंग म्हणतात. कागदावर खास शाईनं चित्र छापायचं, तो कागद कपाला नाहीतर कापडाला लावायचा आणि तापलेल्या मशीनमध्ये दाबून धरायचा. त्या उष्णतेनं शाईची वाफ होते आणि वस्तूत शिरते. पण वाटेल त्या वस्तूत नाही. पॉलिस्टरमध्ये शिरते, तसला लेप दिलेल्या कपात शिरते. सुतात शिरत नाही. नुसती वर बसल्यासारखी दिसते आणि पाणी लागलं की निघून जाते. सगळ्या धंद्याची ही पहिली गोष्ट आहे, अप्पा. बाराखडीतला अ.

हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, कारण मी विचारलं होतं. फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बोर्ड करून करून माझी मान मोडली. कुठल्या कुठल्या भावी नगरसेवकाला गोरं करायचं, गॉगल चढवायचा, हेच माझं काम. आपलं स्वतःचं काहीतरी असावं म्हणून वर्षभर मी या छपाईची चौकशी करत होते. दुकान सुटलं की स्कूटी काढायची आणि कप छापून देणाऱ्यांकडं जायचं. शाई कुठनं आणता, कागद दमट झाला तर काय होतं, प्रिंटर थोडे दिवस बंद राहिला तर शाई आत वाळते का, मधेच लाइट गेली तर? निम्मे लोक उत्तरच देत नाहीत. मशीन विकणारा एक जण म्हणाला, "ताई, आधी मशीन घ्या, मग सगळं आपोआप समजतंय." असली तिडीक गेली डोक्यात! पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं आणि काठावरनं म्हणायचं, शीक आता. नवीन माणसाला काय विचारायचं तेच माहीत नसतं, आणि त्यावरच यांचं पोट चालतं. शेवटी मी ठिकठिकाणचे छापलेले कप विकत आणले आणि रोज काथ्यानं घासत बसले. अव्वा, तुमची बायको, रोज म्हणायची, "घरात दुसरी भांडी न्हाईत व्हय गं? त्येच त्येच कप काय घासतीयास?" काहींचा रंग उडाला, एकाचा तर लेपच निघून हातात आला. कुणाचा माल घ्यायचा नाही, ते मला असं कळलं.

दादाला हे सगळं मी जेवताना सांगत होते. तो मोबाइलमध्ये डोकं घालून "हं, हं" करायचा. मग एक दिवस त्यानंच कसलासा व्हिडिओ बघितला, घरबसल्या धंदा म्हणे, आणि पुण्याला जाऊन मशीन, प्रिंटर, शाई, कपांची खोकी, सगळं घेऊन आला. पुढच्या खोलीत मांडून झाल्यावर मला म्हणतो, "बघ, तू वर्षभर बोललीस, मी करून दाखवलं." आणि पहिलं काम काय घेतलं? मामाच्या मुलीच्या लग्नातला टॉवेल-टोपीचा आहेर! मानाच्या पाहुण्यांना द्यायचे पांढरेशुभ्र सुती टॉवेल, आणि त्यांच्यावर नवरा-नवरीचा फोटो. मी म्हटलं, "अरे, सुतावर बसत नाही हे. एकच छाप, धू, बघ, मग काय ते कर." तर म्हणाला, "सोलापुरात बसून टॉवेलवर छापायचं न्हाय, तर मग कशावर छापायचं गं?" फोटो फिका उठला तेव्हा म्हणाला, फिका रंगच आता फॅशनमध्ये हाय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लग्न थाटात झालं. दादा मांडवात कॉलर ताठ करून फिरला, अव्वाला बायका विचारत होत्या, "तुमच्या पोरानं छापलं व्हय?" आणि अव्वा फुलून जात होती. मग टॉवेल घरोघरी गेले आणि पहिल्याच धुण्यात नवरा-नवरीची तोंडं धुऊन गेली. नवऱ्यामुलाच्या आजीनं दोरीवरनं कोरा टॉवेल काढला आणि अपशकुन झाला म्हणून रडायलाच बसली. मामीनं फोनवर अव्वाला नाही नाही ते ऐकवलं. अव्वा म्हणजे माहेरच्या कुठल्याही कार्यात पहिल्या पंगतीत मानानं बसणारी बाई, आता मामाच्या घराचं नाव काढत नाही. तिनं मशीनवर चादर टाकली, आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि सांगितलं, "या घरात परत मशीनचं नाव न्हाय काढायचं. कुणीच." कुणीच म्हणजे मीसुद्धा. दादानं लगेच मशीन विकायला काढलं आणि मोकळा झाला, मित्रांबरोबर चहा प्यायला गेला. पण माझ्याजवळ दुसरी जागा नव्हती, अप्पा. ती पुढची खोली मिळाली तरच माझं काम सुरू होणार होतं. उडी त्यानं मारली आणि पाय माझा मोडला.

आणि हे सगळं आलंय तुमच्याकडून. मला तो दिवस लख्ख आठवतो. मी नववीत आहे. चप्पल घेऊन देतो म्हणून तुम्ही मला बाळीवेशीकडं नेलंय, पण चपलेचं दुकान राहिलं बाजूला, तुम्ही एका गोडाऊनमध्ये शिरता. द्रोण-पत्रावळीचं मशीन धाडधाड चालू आहे, पत्रावळी पडतायत, तुमचे डोळे चमकतायत. मी विचारते, "अप्पा, ह्याचा कागद कुटं मिळतो?" विकणारा माझ्याकडं रोखून बघतो. तुम्ही कानडीत म्हणता, "सुम्न कुंद्र." गप बस. वर त्या माणसाला हसत हसत सांगता, "आमच्या पोटी शंकासूर जन्माला आलाय बघा." गोडाऊनमधले सगळे हसतात. मी खाली मान घालून माझी तुटकी चप्पल बघत उभी राहते. तो कागद फक्त त्याच्याकडंच मिळायचा, अप्पा! पुढं त्यानं द्यायचा बंद केला, आणि तुमचं ते मशीन शेवटपर्यंत अंगणात अव्वाच्या वाळवणाचं टेबल होऊन बसलं.

त्यानं अक्कल आली म्हणावं, तर नंतर इमू आणलेत. वैरागच्या पाहुण्यांच्या रानात जाळी मारून ते माणसाएवढे पक्षी ठेवलेत. त्यांची अंडी कोण खातं, मांस कोण घेतं, काही म्हणजे काही विचारलं नाहीत. विकणारेच परत विकत घेणार होते म्हणे. ते पळाले, पक्षी राहिले. त्यांना दाणा घालायला अव्वानं लोकांचे ब्लाउज शिवले आणि डोळ्यांची वाट लावून घेतली. गावात मात्र तुम्ही दिलदार, तुम्ही धाडसी. अजून लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात, "तुझा बाप म्हणजे वाघ होता, वाघ!" वाघाचा पिंजरा कोण झाडत होतं, ते विचारा की कधीतरी.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण खोटं कशाला बोलू? बारावीनंतर रस्त्यानं जाता जाता तुम्ही डीटीपी क्लासची पाटी वाचलीत, जिना चढलात आणि माझं नाव घालून आलात. शिकवणारा कोण, कॉम्प्युटर चालतात का, चौकशी शून्य. मला तर विचारलंसुद्धा नाही. मी रागानं जेवले नव्हते, आणि तुम्ही दाराबाहेरनं म्हणत होता, "जाऊन तर बघ की गं." आज त्याच्यावरच माझी भाकरी चालते. तुमच्या सगळ्या उड्यांत तेवढी एकच नीट पडली, आणि ती माझ्या वाट्याला आली, याचाही मला रागच आहे. तुम्हाला धड शिव्याही घालता येत नाहीत.

तर गेल्या रविवारी मशीन न्यायला टेंभुर्णीहून एक जोडपं आलं. नवीन लग्न झालेलं, दोघंही हसरी. येताना छोटा हत्ती टेम्पो घेऊनच आले होते, म्हणजे ठरवूनच. दादा नेहमीसारखा बाहेर. मी चादर काढली. त्या पोरानं मशीनवर हात फिरवला, आणि त्याचे डोळे असे चमकले की माझं टाळकंच सणकलं. मी विचारलं, "कशावर छापणार?"

"टी-शर्टवर की. सुती. यात्रेला लई खपत्यात."

मग मी जी सुटले ती सुटलेच. सुतावर का बसत नाही, काळ्या कापडावर का दिसत नाही, चित्र उलटं का छापायचं, कागदावर मळकट दिसणारा रंग दाबल्यावर कसा उजळतो, कप कुठले घ्यायचे, कुठले घ्यायचे नाहीत. त्यांना रागावतच होते मी. म्हटलं, "घराबाहेर पडायच्या आधी चार ठिकाणी विचारायला काय झालं होतं तुम्हाला? तोंड दिलंय ना देवानं?" पोरगा नुसता मान हलवत होता. बायको मात्र एकटक बघत होती. मी दम घ्यायला थांबले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, येवढं समदं तुमाला येतंय, मग तुमी का इकताय?"

घरात नको म्हणतात, असं म्हणणार होते, पण त्या पोरीसमोर तसं म्हणायची लाज वाटली. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातनं आलं. अव्वा पिठाच्या हातानंच उभी होती, कधीपासून कोण जाणे. म्हणाली, "इकायचं न्हाय ते. त्यास्नी सांग, आणि तोंड बघत काय बसलीयास? च्या ठेव." जोडपं चहा पिऊन गेलं. आधी हितं येऊन शिकतो, मगच मशीनचं बघतो, म्हणाली दोघं. ती गेल्यावर अव्वा परत भाकरीला बसली आणि माझ्याकडं न बघता बोलली, "तुजा बाप मशीनबद्दल येवढं कदी बोलला न्हाय. 'आणलंय' म्हणायचा, झालं." तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "खोली घे. पर आता इचारणं बास कर. वरीस झालं नुसतं इचारतीयास." त्याचाही मला राग आला, कारण ते खरं होतं.

काल अव्वा देवळात गेली आणि मी मशीन लावलं. दादानं आणलेलं ते, स्वस्तातलं. त्यावरचा उष्णतेचा आकडा खोटा आहे. वर एकशेऐंशी दाखवतो, आत किती ते देव जाणे. एवढ्या लोकांना विचारलं, पण या एका मशीनचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. रंगांच्या नुसत्या पट्ट्या छापल्या, कागद कपाला गुंडाळला, मशीनमध्ये अडकवला आणि समोर उभी राहिले. आतून काय निघणार, मला माहीत नव्हतं. निघाला तो कप मधोमध करपलेला आणि कानापाशी फिका. वाया गेला.

हे मी पाठवणार नाही. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, कारण वाचून तुम्हाला वाटलं असतं, पोरीनं माफ केलं. केलेलं नाही. पण तो कप बाहेर निघायची वाट बघत उभी होते ना, अप्पा, तेव्हा मला लई मजा आली.