किल्ल्यांचा आवाज

मंगळवार, ३ मार्च

नापास! आणि तेही दीड मिनिटात.

आमच्या कंपनीसाठी इयरफोन जोडून देणाऱ्या जोडणीवाल्या बाईंचा नवा नमुना आज टेबलावर आला. महिनाभर फोनवर कौतुक चाललं होतं — 'साहेब, एकदा ऐकाच, या किमतीत असला आवाज कुणी दिलेला नाही!' दिलेला नाही हे खरंच. कानात घातला, नेहमीप्रमाणे आधी किल्ल्या लावल्या, आणि किल्ल्या पडल्या त्या लाकडाच्या! छन् नाही, खळ्ळ नाही. नुसतं बद्द.

गाणी मी नंतर लावतो. गाणं माणसाला फसवतं. आवडीचं असलं की पत्र्याच्या डब्यातूनही गोड लागतं. म्हणून आधी किल्ल्या. अकरा वर्षांपूर्वी, आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत, बायकोनं तेरा किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला होता, तो आवाज मी रेकॉर्ड करून ठेवलाय. शेवटी ती म्हणते, 'सापडल्या एकदाच्या!' त्या जुडग्यातली एकेक किल्ली वेगळी ऐकू आली तर माल पास. स्वस्त असो की महाग, कसोटी तीच.

कार्डावर शेरा लिहिला — 'वरचे बारीक आवाज मेलेले. या किमतीलाही महाग.' ऑफिसात मला उगाच कानसेन म्हणत नाहीत.

बुधवार, ४ मार्च

बाईंचे सात फोन. एकही घेतला नाही.

शुक्रवार, ६ मार्च

बाई स्वतः आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

'साहेब, काय कमी आहे ते सांगा. मी आठ जणांना ऐकवलाय.'

'त्या आठ जणांना सही करायला बोलवा मग.'

लागेल असंच बोललो. लागलंही. पण त्या हलल्या नाहीत. अठरा तारखेला सही झाली नाही तर आमच्या मालकांची ऑर्डर दुसऱ्या जोडणीवाल्याकडे जाणार, आणि बाईंकडच्या बारा बायका घरी बसणार. त्यांनी हे रडून सांगितलं नाही, वार-तारीख सांगावी तसं सांगितलं. त्याचाच मला जास्त राग आला. मी काय करू? माझं काम ऐकायचं आहे.

आमची पद्धत साधी आहे. मी पास केलेल्या नमुन्याच्या दोन जोड्या. दोन्हींच्या वायरीला, जिथे तिला दोन फाटे फुटतात तिथे, माझ्या सहीची चिकटपट्टी. दोन्ही जोड्या पिशवीत सीलबंद, एक पिशवी आमच्याकडे, एक बाईंकडे. पिशवी बाईंच्या हातात पडली की हजारो नग तंतोतंत तसेच बनतात. मग मालकांनाही ते फिरवता येत नाही. सगळा खेळ माझ्या सहीचा. म्हणजे माझ्या कानाचा.

'दुसरा नमुना पाठवते,' एवढंच म्हणून गेल्या.

सोमवार, ९ मार्च

नमुना दोन आला. पहिल्याचा सख्खा भाऊ! दिसायला तर सगळेच सारखे, साचा साऱ्या बाजाराचा एकच. पण आवाजही तसाच — वर झाकण घातल्यासारखा. शेरा: 'कानात कापूस. नापास.' फोनवरही सांगितलं. वर म्हटलं, 'बाई, नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नका.'

त्या म्हणाल्या, 'नक्की ना साहेब? हाही नापास?'

'नक्की.'

'बरं.' आणि फोन ठेवला. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मालकांनी तक्रारींची दोन पत्रं दाखवली. गेल्या वर्षी मी पास केलेल्या मॉडेलबद्दल. 'अर्ध्या तासात डोकं दुखतं.' 'आवाज टोचतो.' मी म्हटलं, लोकांना स्वच्छ आवाजाची सवयच नाही. मालक म्हणाले, 'तेच म्हणतो मी. तुझा कान तोच आपला काटा.' आणि पत्रं ड्रॉवरमध्ये टाकली. घरी येईपर्यंत छान वाटत होतं.

बुधवार, ११ मार्च

बायकोला ताप. सासूबाई मदतीला आल्यात. वय एकाहत्तर, पण तोंड आणि पाय सारख्याच वेगानं चालतात.

बायकोच्या काखेत थर्मामीटर लावून मी शेजारी बसलो होतो. वाजायची वाट बघत. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, 'अहो जावईबापू, काढा की तो! तीनदा वाजून गप्प झाला!'

मी म्हटलं, सेल उतरला असेल, आवाज बारीक आहे. बायको तापातही माझ्याकडे बघत राहिली. 'मला ऐकू आला,' म्हणाली.

सेल बदलायला हवा.

गुरुवार, १२ मार्च

नमुना तीन — काय आवाज! तेराच्या तेरा किल्ल्या! एकेक मोजून घ्यावी. मी खुर्चीतून उठलोच. बाईंना फोन करून विचारलं, काय केलंत?

'नळीत कागदाची टिकली बसवतो ना आपण, आवाज मऊ करणारी? ती काढून टाकली. तुम्हाला आवडेल असं वाटलंच होतं.'

'हेच आधी करायला काय झालं होतं?'

'चुकलंच,' त्या म्हणाल्या.

शेरा: 'लखलखीत. पास.' सही अठराला, मालकांसमोर.

शुक्रवार, १३ मार्च

जे झालं ते क्रमानं लिहितो.

नमुना तीन घरी आणला होता, बायकोला ऐकवायला. तिचा ताप उतरलाय, पण झोपली होती. सासूबाई म्हणाल्या, 'बघू तुमचं कानातलं. म्हातारीला कोण विचारतंय!' मी हौसेनं किल्ल्या लावून दिल्या.

एका क्षणात त्यांनी कानातून ओढून काढला. 'अगं आई गं! सुई घातली की काय कानात!'

मी हसलो. म्हटलं, सवय नाही तुम्हाला. मग सहज, अगदी सहज, बॅगेतला नमुना एक काढून दिला. तेच रेकॉर्डिंग. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा लावायला सांगितलं.

'किल्ल्या ना? ही मोठी कुलपाची, ह्या दोन-तीन कपाटाच्या... आणि ही कार्टी माझी! किती लहान वाटतो आवाज. इथे समोर बसून बोलतेय जणू.'

नमुना एकमध्ये. जिथे मला नुसतं बद्द ऐकू आलं, तिथे.

थर्मामीटर घेऊन न्हाणीघरात गेलो. दार लावलं. काखेत धरला. मग कानाजवळ, अगदी पाळीला टेकवून. आकडा लुकलुकायला लागला. लुकलुकतो तेव्हाच तो वाजतो, हे डबीवर लिहिलंय.

काही नाही. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, 'आता तुम्हाला आला का ताप?'

शनिवार, १४ मार्च

कानाच्या तपासणीला गेलो. काचेची खोली, हातात बटन. 'आवाज आला की दाबा.' सुरुवातीला पटापट दाबलं. मग थांबलो. काचेपलीकडे तपासणारी मुलगी कागदावर खुणा करत होती, म्हणजे आवाज चालू होता! मी बसलोय बटनावर अंगठा ठेवून, कॉपी करायलाही शेजारी कोणी नाही.

कागद दाखवला. रेघ बरी चालली होती आणि मग जिना संपल्यासारखी खाली. दोन्ही कान. बोलणं ऐकू येईल, गाणं ऐकू येईल, पण बारीक, उंच आवाज गेले.

'काम काय करता?'

सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. 'रोज किती तास? मोठ्या आवाजात?'

दहा वर्षं. रोज सहा तास. बारकावे कळावेत म्हणून मोठ्या आवाजात.

'परत येतील का?'

'नाही. आहे ते सांभाळा.'

तरीच. वर्षभर मी प्रत्येक जोडणीवाल्याला सांगतोय, वरचा आवाज वाढवा, अजून वाढवा. ती पत्रं लिहिणारी माणसं खरं बोलत होती. मी त्यांची डोकी दुखवली. आणि आता या बाईंच्या चांगल्या मालाचा गळा दाबलाय.

रविवार, १५ मार्च

घरात सांगितलं नाही. बायको म्हणाली, तोंड का उतरलंय? म्हटलं, थकलोय.

ठरवलंय — गप्प बसायचं. तीनवर सही करायची. बाईंना ऑर्डर मिळेल, बारा बायकांचं काम टिकेल, माझीही नोकरी राहील. कुणाचं काय वाईट झालं? लोकांना थोडं टोचेल. स्वस्त इयरफोनकडून लोकांची अपेक्षा असते तरी काय!

हे लिहिलं आणि वाचलं. माझीच मला लाज वाटतेय. तरी गप्पच बसणार. या कानांखेरीज मला दुसरं काही येत नाही. चाळिशी उलटल्यावर कुठे जाऊ?

सोमवार, १६ मार्च

फायलीत लावायला तिन्ही नमुने काढले. नमुना दोनवर बाईंनी लावलेली नंबराची चिकटपट्टी एका कडेनं सुटली होती. नीट बसवायला गेलो तर खाली अजून एक. जुनी, पिवळट. नखानं वरची सोलली.

माझी सही. तीन वर्षांपूर्वीची तारीख.

कपाटातलं त्या साली लिहिलेलं कार्ड शोधलं. माझंच अक्षर — 'तेराही किल्ल्या स्वच्छ. या किमतीत तोड नाही. पास.'

नमुना दोन नवा नव्हताच. तीन वर्षांपूर्वी मीच डोक्यावर घेतलेली जोडी बाईंनी आपली सीलबंद पिशवी फोडून पाठवली होती. आणि मी लिहिलं, कानात कापूस.

त्यांना कळलंय. नऊ तारखेपासून कळलंय!

तडक त्यांच्या कारखान्यात गेलो. एक लांब खोली, दोन टेबलं, बारा जणी माना खाली घालून वायरींना कथलाचे डाग देताहेत. बाई मला बघून उठल्या, बाहेर जिन्यात घेऊन आल्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, 'पट्टी सुटली वाटतं.'

'मालकांना का नाही सांगितलंत?'

'सांगून? तुम्ही जाल. नवा माणूस येईल, त्याचा कान बसेपर्यंत अठरा तारीख जाईल. माझ्या बायकांनी तोवर काय करायचं?' मग आवाज खाली आणला. 'साहेब, आधी मला वाटलं तुम्ही मुद्दाम अडवताय. म्हणून ती जुनी जोडी पाठवली, म्हटलं तोंडावर पाडू. तुम्ही नापास म्हणालात आणि माझा रागच गेला. तुम्ही खोटं बोलत नव्हता हो. तुम्हाला खरंच येत नव्हतं ऐकू.'



'मग तुम्हाला ऐकू येईल असा केला तिसरा,' त्या म्हणाल्या. 'पण पहिला चांगला होता. कुणी विचारलं तर सांगेन, आम्ही केलेला पहिला चांगला होता.'

अंगण सरळ होतं. हे त्यांना म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, नुसता जिना उतरून आलो.

मंगळवार, १७ मार्च

काल घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, 'मला वाटलं होतं, तू माझ्याकडे लक्ष देत नाहीस.' वर्षभर ती असं समजून चालली होती. म्हणाली, 'जा, सांगून टाक उद्या. पुढचं पुढे बघू.'

आज मालकांच्या खोलीत गेलो. तपासणीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. काढून टाकतील, ओरडतील, वर्षभराचा माल माझ्या नावावर मांडतील — सगळ्याची तयारी होती.

त्यांनी कागदाकडे धड पाहिलंही नाही.

'मला गेल्या वर्षीच कळलं. तुझ्या टेबलावरचा गजर पाच मिनिटं किंचाळत होता आणि तू शेजारी बसून डबा खात होतास.'

'मग —'

'मग काय? तुझे कान उतरले आणि आपला माल चढला! गिऱ्हाईक दुकानात दोन मिनिटं ऐकतं. टोचरा आवाज दोन मिनिटं स्वच्छ वाटतो. डोकं दुखतं ते घरी गेल्यावर. तुझ्यासारखा कान मला शोधून मिळणार नाही. उद्या तीनवर सही कर आणि हा कागद फाडून टाक.'

नोकरी शाबूत. चार दिवस ज्या भीतीनं जेवण गेलं नाही, ती भीतीच खोटी निघाली. आणि तरी कागद न फाडता मी घडी करून खिशात घातला.

बुधवार, १८ मार्च

सही केली. नमुना एकवर. मालक ओरडत होते तोवर पिशवी बाईंच्या हातात होती.

कार्डावर, आतापर्यंतच्या शेऱ्यांतला शेवटचा शेरा — 'वरचे बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. आहेत.'