चौदा नंबरची पिवळी गाडी

ब्रशी फोर्क, नॉर्थ कॅरोलिना
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय गार्लंड,

फ्लोरिडातला उकाडा जरा उतरला असेल आणि डावा गुडघा फार छळत नसेल, असं धरून चालते. मी बरी आहे. आईच्या घराची मागची खोली गळत होती, तिचं छप्पर दुरुस्त करून घेतलं. सफरचंदाला यंदा इतकी फळं धरली की एक फांदीच मोडली. चर्चमध्ये नवा पाद्री आलाय. पोरसवदा आहे, पण प्रवचन संपवता येत नाही त्याला. आज माझ्या पोटातले कावळे त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते.

नाताळच्या कार्डावर तू नुसती सही करतोस आणि मीही तेवढंच करते. तेव्हा एवढं लांब पत्र बघून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. लिहायचंय ते वेगळंच आहे, पण हात तिकडे वळत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगते.

हसू नकोस, मी व्हिडिओ गेम खेळायला लागले आहे. शेजारची ओडेसा जुलैत मुलीकडे राहायला गेली. घर आवरताना नातवाचं ते यंत्र तिने माझ्या ओट्यावर आणून ठेवलं आणि म्हणाली, "टीव्हीला जोड, नाहीतर टाकून दे." आत एकच डिस्क अडकून बसली होती, ती नेमकी स्टॉक कारच्या शर्यतीची निघाली. बहात्तरीच्या बाईने हे काय आरंभलंय, असं मलाही वाटलं. पण मिलमध्ये एकतीस वर्षं मोजे जुळवलेली बोटं आहेत माझी, तीन दिवसांत बटणं पाठ झाली. गाडी सांभाळायला मात्र महिना गेला. दर फेरीला मी भिंतीवर आदळायची आणि अशा शिव्या द्यायची की आई असती तर साबणाने तोंड धुवायला लावलं असतं.

गाडीला हवा तो रंग देता येतो. मी लोण्यासारखा पिवळा दिला आणि दारावर तांबडा चौदा आकडा. ड्रायव्हरच्या जागी तुझं नाव घातलं. विचारायला हवं होतं, पण कुठे विचारणार होते?

दर रविवारी चर्चहून आलं की टोमॅटोचं सँडविच करून घेते आणि दोन वाजता शर्यत लावते. खरं सांगू? मला गाड्यांचं एवढं काही राहिलेलं नाही. ओडेसा गेल्यापासून कधी कधी सोमवारपासून शनिवारपर्यंत माझं तोंड उघडत नाही. त्या यंत्रातला माणूस बोलतो, म्हणून मी खेळते.

हो, त्यात स्पॉटर आहे. सारखा कानात सांगत असतो, "आतून गाडी. अजून आहे. अजून आहे. मोकळं." ओडेसाने फोनवर विचारलं, हा कोण बाई मधेच बोलतोय? तिला समजावून सांगितलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर हेल्मेट, मानेला पट्टे, त्याला बाजूचं काही दिसत नाही. म्हणून एक जण प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावर उभा राहून रेडिओवर सांगतो, शेजारी गाडी आहे की जागा आहे. तो 'मोकळं' म्हणाला की ड्रायव्हर न बघता गाडी आत घालतो.

"न बघता?"

"बघायला त्याला दिसतंय कुठे?"

"बाप रे! आणि हे काम तू करायचीस?"

"अकरा वर्षं. भावासाठी."

मग मी तिच्या नातवाची चौकशी केली.

आता डॅरिल हफमनबद्दल. हो, तोच. हे नाव वाचून पत्र खाली ठेवू नकोस. आई आजारी पडली तेव्हापासून तो दर उन्हाळ्यात आपल्या बागेतले टोमॅटो आणून देतो. मी ज्या सँडविचचं लिहिलं ते त्याच्याच टोमॅटोचं. तू इथून गेल्यावर त्याचं काय झालं ते तुला कदाचित ठाऊक नसेल. तो ट्रॅकवर आला की अख्खं स्टँड हुर्यो करायचं. पुढच्या मोसमात त्याने गाडीच विकून टाकली. अजूनही पेट्रोल पंपावर म्हातारे त्याला 'भिंतवाला' म्हणतात. का, तर म्हणे त्याने तुझी गाडी भिंतीवर घातली. गार्लंडचा रेडिओ बंद होता, त्या बिचाऱ्याला काय कळणार. पण हफमनला तर समोर दिसत होतं, त्याने जागा सोडायला हवी होती.

मागच्या रविवारी तो पिशवी घेऊन आला तेव्हा माझी शर्यत चालू होती. ओट्यावरूनच ओरडला, "काय गं नेडीन, बैठकीत ट्रॅक काढलास की काय?"

"ये आत. दुसरा कंट्रोलर पडलाय. पण ते चिखलाचे बूट बाहेर काढ."

"म्हाताऱ्या माणसाला हरवून काय मिळणार तुला?"

"हरव की तू मला."

वरचा अर्धा पडदा माझा, खालचा त्याचा. पहिल्या दोन शर्यतींत त्याला वळणच घेता येईना, आम्ही दोघं पोट धरून हसलो. या घरात माणसाचं हसू ऐकून मला किती बरं वाटलं, ते तुला कळणार नाही. तिसऱ्या शर्यतीत मात्र त्याला जुनं सगळं आठवलं. शेवटच्या फेऱ्या, मी बाहेरून, तो आतून, माझ्या मागच्या चाकापाशी. यंत्रातला माणूस सांगत होता, "अजून आहे. अजून आहे. अजून आहे."

डॅरिलने कंट्रोलर मांडीवर ठेवला. त्याची गाडी तिकडे गवतात गेली, तरी तो बघत राहिला.

"थांबतो बघ हा," तो म्हणाला. "मागचा बंपर सुटेपर्यंत 'मोकळं' म्हणत नाही."

मग अगदी हळू आवाजात, रागाचा लवलेश नव्हता गार्लंड, त्याने विचारलं, "नेडीन, तू त्या दिवशी वरून बघत होतीस. मी खरंच त्याच्या अंगावर गाडी घातली का गं? मला तर मी सरळ गेलो असंच आठवतं. पण सव्वीस वर्षं सगळे एकच सांगतात. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

मी म्हटलं, "कॉफी टाकू?"

त्याने टोपी उचलली, बूट चढवले आणि गेला. टोमॅटो टेबलावरच होते.

रेडिओ चालू होता, गार्लंड. हे तुला माहीत आहे आणि मला. आता तुला माहीत नसलेलं सांगते. माझी नजर चुकली, असं तू धरून चालला असशील. ऊन डोळ्यांवर होतं, असं मीही स्वतःला सांगत आले. ऊन माझ्या पाठीला होतं. तीन फेऱ्या उरल्या होत्या आणि डॅरिलच्या गाडीचं नाक तुझ्या मागच्या चाकापाशी होतं. मला ते लख्ख दिसलं. वाटलं, तू आत आलास की तो घाबरून पेडलवरून पाय काढेल आणि मोसमातली शेवटची शर्यत आपली होईल. म्हणून मी 'मोकळं' म्हटलं. तू एका क्षणाचाही विचार केला नाहीस, लगेच आत वळलास. वळणार होतासच. मी सांगितलं होतं ना.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात आले ते हेच सांगायला. पण मी खुर्ची ओढायच्या आत तू छताकडे बघत म्हणालास, "ताई, रेडिओ बंद पडला होता. सगळ्यांना तेच सांगितलंय मी." मी "बरं" म्हटलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात भित्रा शब्द तो. तू मला वाचवलंस आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचं थांबवलंस. आई गेली तेव्हाही तुझी नुसती फुलं आली. मी रागावले नाही. रागावायला तोंड कुठे होतं? पण तुझी फार आठवण येते रे. तुझा गुडघा गेला, डॅरिलचं नाव गेलं, आणि मी तेवढी धडधाकट त्याचे टोमॅटो खात बसले.

पुढच्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलंय. त्याला सगळं सांगणार आहे, आणि मग पेट्रोल पंपावर जाऊन त्या म्हाताऱ्यांनाही. तुझी परवानगी मागत नाही. इथले लोक तुलाही खोटारडा म्हणतील, त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून सगळ्यांच्या आधी तुला कळवते आहे.

मी खेळणं सोडलेलं नाही. या आठवड्यात रोज दुपारी शर्यत लावली आणि तो माणूस 'मोकळं' म्हणेपर्यंत एकदाही आत वळले नाही. त्यामुळे चौदा नंबर कधी सातवा येतो, कधी अकरावा. काल शेवटून दुसरा आला. पण गाडीला ओरखडा नाही, आणि तू तिच्यातून आपल्या पायांनी उतरलास, असं मी मनाशी म्हणते.

फोनचा नंबर तोच आहे, आईचा. तुझं उत्तर आलं नाही, तर या खेपेला रेडिओ बंद पडला असं मी म्हणणार नाही. तू ऐकलंस, असंच समजेन.

छपरावर उभी असलेली,
तुझी ताई,
नेडीन