औषधाचं पातेलं

१४ डिसेंबर

जमलं एकदाचं! तीन वेळा गोळा होऊन बसलं, चौथ्यांदा लिप बाम झाला. एक चमचा मधाच्या पोळ्याचं मेण, तीन चमचे खोबरेल, बोटभर घरचं तूप. रंगाला रतनजोत. मेण भांड्याला चिकटलं की निघत नाही म्हणून आईंनी (सासूबाईंनी) स्वयंपाकातलं एकही भांडं दिलं नाही. मग गोठ्यातलं जर्मनचं पातेलं आणलं, राखेनं घासलं, गरम पाण्यात ठेवून त्यात सगळं वितळवलं.

तीन डब्या. एक माझी, एक शेजारच्या बनाबाईंना, एक नणंदेला, छकुलीला. तिला सातवा लागलाय. आधीचे दोन्ही तिसऱ्यातच गेले, त्यामुळे सगळं घर तिला तळहातावर झेलतंय.

१५ डिसेंबर

डोहाळजेवण झालं. मी दिवसभर चुलीपाशीच. थंडीनं छकुलीचे ओठ असे फुटलेत की हसली की रक्त येतं. निघताना डबी दिली. म्हटलं, चाटलीस तरी चालेल गं, सगळं खायचंच आहे. संध्याकाळी इंदापूरला गेली.

१६ डिसेंबर

आबा (सासरे) वडगाव निंबाळकरला बहिणीकडे निघाले. गाडीवर बसता बसता कट्ट्यावरचं पातेलं दिसलं. "ते घरात कशाला आणलं? औषधाचं हाय ते." आणि गेले!

औषधाचं. आमच्याकडे तापाची गोळी पण औषध आणि पिकावर फवारतात ते पण औषधच. गोठ्यात तापाची गोळी कोण ठेवतं?

आबांना फोन लावला. मोबाईल इथंच, देव्हाऱ्यापाशी वाजला. त्यांच्या बहिणीचा नंबर आईंकडे. मागितला तर कशाला ते सांगावं लागेल.



१७ डिसेंबर

ह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, गोठ्यात औषध कसलं असतं हो? "फवारणीचं. दुसरं कसलं?" वर्तमानपत्रातून मान पण वर काढली नाही.

बनाबाईंकडून डबी परत आणली. बामात केस पडलाय म्हटलं. "केसाचं काय एवढं," म्हणत होत्या. हिसकावूनच आणली म्हणायची. माझी आणि त्यांची, दोन्ही मागं खड्ड्यात पुरल्या. पण त्याआधी माझ्यातलं थोडं मुद्दाम ओठांना फासलं आणि बसून राहिले. जीभ बधिर झाली का? झाली. मग वाटलं, नाही झाली. पातेलं किती वेळा हुंगलं! राखेचाच वास येतो. असल्या औषधाला वास नसतो पण म्हणतात.

१८ डिसेंबर

छकुलीला फोन केला. आडून आडून विचारलं, ओठ कसे आहेत?

"मऊ झाल्यात की वहिनी. रोज लावते."

रोज! मेण खराब निघालंय, ती डबी फेकून दे, म्हटलं. बरं म्हणाली. पण तीन दिवसांचं पोटात गेलं त्याचं काय? ठेवायच्या आधी म्हणाली, आज बाळ जरा गप गप आहे. मी जवळजवळ ओरडलेच, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. ती हसली. शेवटी तिच्या यजमानांना फोन करून पाठवलं.

खरं काय ते सांगितलं असतं तर डॉक्टरांना कळलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. नाही सांगितलं. किती नीच आहे मी.

१९ डिसेंबर

बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणे. आजचे. उद्याचं कुणी सांगावं. भाकरी करपल्या, आई बोलल्या. बोलू देत.

२० डिसेंबर

आबा आले. गोठ्यात गाडी लावायच्या आतच गाठलं. आबा, त्या पातेल्यात औषध कसलं?

"म्हशीच्या सडांना भेगा पडल्यात न्हवं? तूप आन हळद कढवतो त्यात. का गं?"

तूप आणि हळद! मी तिथंच गोठ्यात खाली बसले. हसू येईना, रडू आवरेना. आबा घाबरले बिचारे, पाणी आणून दिलं. म्हशीच्या सडांना आणि वन्संच्या ओठांना औषध सारखंच की!

उद्या छकुलीला सगळं सांगणार. मनात ठेवणं होत नाही आता.

२१ डिसेंबर

सांगितलं. हसत हसत सांगितलं.  छकुली रडायलाच लागली.

"वहिनी, म्या ती डबी उघडलीच न्हाय. खोटं बोलले. आईनं शपथ घातली हुती. जिला मूल न्हाय तिच्या हातचं बाळंत हुईपतुर काय लावायचं न्हाय, काय खायचं न्हाय."

दुपारी आईंना जेवायला वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या, रोजच्यासारख्या.

छकुलीला अजून अडीच-तीन महिने आहेत. काही कमी-जास्त झालं तर माझंच नाव घेतील.